वर्ध्यात गायच्या जागा आणि उजव्या टोकाची खुर्ची

सिंदी मेघे, वर्धा
रविवार, दुसरा चहा झाल्यावर

चिरंजीव इला हिला नरहरमामाकडून पोतंभर आशीर्वाद (कापसाचं पोतं समज, दिसायला मोठं, पाठीवर घ्यायला हलकं).

आम्ही दोघं खुशाल आहोत. तुझ्या पद्मामामीचा गुडघा थंडीत कुरकुरतो, पण ती स्वतः त्याच्याहून जास्त कुरकुरत असल्यामुळे गुडघ्याकडे कोणी लक्ष देत नाही. दोन वर्षांपूर्वी तिनं जेवणाच्या टेबलावरची तीस वर्षांची जागा सोडून माझ्या दुसऱ्या बाजूला बस्तान हलवलं. म्हणते, खिडकीतून ऊन लागते. (खिडकी उत्तरेला आहे. मी वाद घातला नाही.) तुझ्या आईला, म्हणजे आमच्या जयाला सांग की लोणचं पोचलं, बरणी मागू नये. जावईबापूंचं बीपी कसं आहे? तुझा घसा कसा आहे? फ्रिजचं पाणी पीत नसशील अशी आशा आहे. झालं रीतीप्रमाणे विचारून. आता मुद्द्यावर येतो, आणि मुद्दा असा, की मी जिंकलो.

मागच्या महिन्यात तुझा मेसेज आला की बँकेनं तुला वर्ध्याची बदली देऊ केली आहे, या महिन्याच्या पंचवीस तारखेपर्यंत हो की नाही कळवायचं आहे. आणि खाली तू विचारलंस, "मामा, तिथं गायचं कुठं?" चार शब्द, पण मला लागले. पुण्यात तुम्ही शनिवारी कोणत्याशा कॅफेत गाता, समोर लोक पिझ्झ्याचं चीज ओढत बसतात, त्याला तुम्ही जागा म्हणता. आणि आमच्या वर्ध्याला मात्र जागा नाही? मी जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागात छत्तीस वर्षं तपासणीचे अहवाल लिहिले आहेत. पावसाळ्यात गळणाऱ्या शाळांना 'हवेशीर' म्हणायची कला माझ्या हातात आहे. म्हटलं, गावातल्या एकूण एक गाण्याच्या जागांची तपासणी करू आणि पोरीच्या पुढ्यात अहवाल ठेवू. मामी म्हणाली, रिकाम्या माणसाले काम सापडलं. मी लक्ष दिलं नाही. तपासणीचा नियम एकच ठेवला: पहिल्या रांगेत, उजव्या टोकाच्या खुर्चीवर बसायचं. (कारण तांत्रिक आहे. पुढे येईल.)

सुरुवात घराजवळून केली. आमच्या सिंदी मेघ्यात सेवानिवृत्तांचा कराओके क्लब आहे. दर बुधवारी संध्याकाळी पाचला एका शिकवणी वर्गाच्या हॉलमध्ये भरतो. सभासद चाळीस, चाळीसही गायक. आल्याबरोबर चिठ्ठी उचलायची, तो तुमचा नंबर. आता गंमत पाहा. एक नंबरवाला गातो तेव्हा बाकीचे एकोणचाळीस जण आपापल्या मोबाइलवर आपल्या गाण्याचे शब्द घोकत असतात. त्याचं झालं की तो चहाला म्हणून बाहेर जातो तो थेट घरी. मग दोन नंबरवाला तसाच. असं करत करत हॉल रिकामा होत जातो आणि चाळीस नंबरवाला जो कोणी असेल तो सतरंजी गुंडाळणाऱ्या माणसासमोर गातो. त्या दिवशी चाळीसची चिठ्ठी मेघाताईंना आली. ह्या पोस्टातून निवृत्त झालेल्या बाई, आवाज बारीक, स्वभावानं गरीब, म्हणून बहुतेक वेळा शेवटची चिठ्ठी त्यांच्याच गळ्यात पडते (चिठ्ठ्यांचा डबा कोण धरतं, हा स्वतंत्र चौकशीचा विषय आहे). मी उजव्या टोकाला, मान तिरपी करून, पहिल्यापासून चाळिसाव्यापर्यंत बसलेला. बाईंनी गाणं संपवलं, मी टाळ्या वाजवल्या, आणि बाई माइक हातात धरून रडायला लागल्या. म्हणाल्या, तीन वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी शेवटपर्यंत थांबलं. इला, मी चाळीस जणांच्या गाण्यानं हललो नव्हतो, त्या एका वाक्यानं हललो.

गुरुवारी नालवाडीला तेरवी होती. रूपराव माझ्या ऑफिसातले जुने सोबती, चौऱ्याऐंशी वर्षांचे होऊन गेले. तेरवीला आपल्याकडे भजनी मंडळ असतं हे तू पुण्याला विसरली असशील. पुंडलिकरावांचं खंजिरी भजन होतं. सत्तरीचा माणूस, पण खंजिरीवर बोटं अशी पडतात की कढईत जवारीच्या लाह्या फुटताहेत असं वाटतं. मंडपात उजवीकडे बायका बसलेल्या, त्यामुळे मला नाइलाजानं डाव्या टोकाला बसावं लागलं. (तपासणीचा नियम मोडला की काय होतं ते पाहा.) भजन झालं. तेरवीच्या भजनाला कोणी टाळ्या वाजवत नाही, माणसं मान खाली घालून बसतात, हे मला ठाऊक नाही असं नाही. पण बुधवारची सवय हाताला राहिली होती. मी खणखणीत टाळ्या वाजवल्या, आणि तेवढ्यावर न थांबता मोठ्यांदा म्हणालो, "वन्स मोअर."

मंडपात बुंदी वाढणाऱ्याचा हात घमेल्यात राहिला. रूपरावांचा मुलगा सचिन उभा राहिला, आणि तो तालमीत जाणारा आहे. मामीनं बायकांच्या बाजूला पदर डोक्यावरून तोंडापर्यंत ओढून घेतला, म्हणजे आपली ओळख पटू नये. मी चपला कुठे काढल्या ते मनात आठवत होतो. तेवढ्यात डावीकडच्या घरातून रुख्माबाईंचा, म्हणजे रूपरावांच्या बायकोचा आवाज आला, "म्हना बापा परत. त्यायचं एका बारीत कधी पोट भरलं नाई."

पुंडलिकरावांनी खंजिरी पुन्हा उचलली. दुसऱ्या वेळी ते असे गायले की सचिन खाली बसला आणि रडला; तेरा दिवसांत रडला नव्हता म्हणे. निघताना पुंडलिकराव फाटकापर्यंत मागे आले. माझे दोन्ही हात धरून म्हणाले, "चाळीस वर्षं झाली भजन करून राह्यलो, आजवर आमाले कोनी वन्स मोअर नाई देल्ला." मामी मात्र घरी येईपर्यंत माझ्यापासून दहा पावलं पुढे चालत होती.

आणि इथून माझे दिवस पालटले. दोन दिवसांत चार भजनी मंडळांच्या व्हॉट्सॲप गटांवर फिरलं की वर्ध्यात एक ऐकणारा सापडला आहे. खरं सांगतो पोरी, गायच्या जागांना इथं तोटा नाही. देवळाचा सभामंडप, लग्नाचं लॉन, शाळेचं पटांगण, कोणाच्याही घरची गच्ची. माइक लावला की जागा झाली. तोटा आहे तो ऐकणाऱ्याचा. नागपूर रोडला अनुप नावाच्या पोरानं कॅफे काढला आहे, स्वतःच गिटार घेऊन गातो. इंजिनिअरिंगची पोरं येतात, कॉफी घेतात आणि एकमेकांचे फोटो काढतात. मी उजव्या टोकाच्या स्टुलावर बसून त्याची नऊ गाणी ऐकली. त्यानं घाबरत विचारलं, काका, कसं वाटलं? मी 'हवेशीर' म्हणालो. त्यानं दर मंगळवारी माझ्यासाठी ते स्टूल राखून ठेवलं आहे. तुझ्याबद्दल सांगितलं, तर म्हणतो, येऊ द्या ताईला, मंगळवार तिचाच.

पण सगळ्यांत मोठी जागा सांगायची राहिली. सिंदी रेल्वेला (हे गाव वेगळं, आमचं सिंदी मेघे नव्हे) कापसाच्या एका जिनिंग कारखान्याच्या आवारात गेल्या रविवारी खंजिरी भजनाची स्पर्धा झाली. चारही बाजूंनी कापसाच्या गाठी रचलेल्या, मधे गाड्यावर स्टेज. लाखो खर्च करून मोठ्या शहरांत हॉल बांधतात आणि तरी आवाज घुमतो. इथं कापूस घुमणं पिऊन टाकतो, सूर तेवढा राहतो. (एक अडचण: कापसाचे तंतू गळ्यात जातात. देवळीचं मंडळ आलाप घेता घेता खोकायला लागलं, आणि परीक्षकांनी तो खोकला तालात होता म्हणून दोन गुण दिले.) अकरा मंडळं झाली, मी जागचा हललो नाही. परीक्षक दोनदा हलले. शेवटी माइकवरून माझं नाव पुकारलं. शाल, नारळ, आणि प्रमाणपत्र. प्रमाणपत्रावर 'उत्कृष्ट गायक' छापलेलं होतं, त्यातलं 'गायक' पेनानं खोडून वर 'श्रोता' लिहिलं. महाराष्ट्राचं सोड, पण निदान वर्धा जिल्ह्यात तरी असा सत्कार झालेला मी पहिला माणूस असणार. फोटो सोबत जोडला आहे. शालीवर पांढरं दिसतं तो कापूस आहे, माझे केस नाहीत. मामीनं प्रमाणपत्र वाचलं, परत वाचलं, आणि एवढंच म्हणाली, "घरात तीस वर्षं ऐकलं नाई, अन् बाहेर सत्कार." तिला आनंद असाच व्यक्त करता येतो.

तर तुझ्या चार शब्दांना हे माझं उत्तर. बुधवार, मंगळवार, तेरवी असेल तो वार, आणि स्पर्धा असेल तो रविवार. पुण्यात आहे का असं?

जयाला आशीर्वाद, जावईबापूंना नमस्कार.

तुझा,
नरहरमामा
(उत्कृष्ट श्रोता, वर्धा जिल्हा)

ता. क. एक लहानशी अडचण आहे. येत्या महिन्यात एकाच रविवारी तीन मंडळांना मी 'येतो' म्हणून बसलो आहे. तेव्हा तू गायला ये असं मी म्हणतच नाही. निदान एका ठिकाणी माझ्या जागी बसायला ये.

आणखी ता. क. त्या खुर्चीचं तांत्रिक कारण लिहायचं राहिलं. माझा उजवा कान दोन वर्षांपासून पूर्ण गेलेला आहे. उजव्या टोकाला बसलं की डावा कान स्टेजकडे येतो, एवढंच. तोही निम्माच आहे. ते चाळीसही जण मला सारखेच सुरेल वाटले. तेरवीच्या दिवशी डाव्या टोकाला बसल्यामुळे भजन फक्त कुजबुजल्यासारखं कानावर पडलं. त्याला 'वन्स मोअर' मी आवडलं म्हणून नाही, ऐकू आलं नाही म्हणून म्हणालो. यंत्र घेतलं होतं, पण त्यातून पेटी मिक्सरसारखी वाजते, म्हणून ते टेबलाच्या ड्रॉवरमध्ये आहे. डॉक्टर म्हणतात, डावाही हळूहळू जाईल. कधी, ते नक्की सांगता येत नाही. तू सात वर्षांची असताना आमच्या ओट्यावर बसून दुपारभर गायची, ते मला अजून पाठ आहे; पण आता तू कशी गातेस ते मी कधी समोर बसून ऐकलेलं नाही. म्हणून एवढं सगळं फिरलो. पंचवीस तारखेच्या आत कळव. मामीला यातलं काही ठाऊक नाही, फोनवर बोलू नकोस.

(खालचं वेगळ्या अक्षरात)

इला, हे पत्र पोस्टात टाकाले माह्याजवळ देल्लं, म्हणून वाचलं. कानाचं मले पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. यायनं सांगितलं नाई, मी विचारलं नाई. ऊन कुठचं आलं उत्तरेच्या खिडकीतून? त्यायले माह्यं बोलणं ऐकू यावं म्हणून मी त्यायच्या डाव्या हाताले बसून राह्यली. तू आली तर ती खुर्ची तुले देईन. येजो.

मामी