मागच्या बाकावरचे परीक्षक

मॅरूगल, क्वीन्सलंड
३ मे

तीर्थरूप मर्लआत्या हिला लाइलचा वाकून नमस्कार (वाकणं मनातल्या मनात, कंबर गेल्या हिवाळ्यापासून ऐकत नाही).

तुझं पत्र मिळालं. तुझा गुडघा, तुझा कुत्रा आणि तुझं गळकं छप्पर, तिघंही गेल्या वर्षी होती तशीच आहेत हे वाचून बरं वाटलं. आपल्या वयात दुखणं जागेवर राहिलं तरी प्रकृती उत्तम म्हणायची. मी ठीक आहे. जेवतो, झोपतो, सोमवार ते शुक्रवार पहिल्या वर्षाच्या चारशे मुलांना संगणकाशी कसं बोलावं ते शिकवतो, आणि शनिवारी घरी कोणाशीच बोलत नाही.

तू विचारलंयस की एकोणीस वर्षं झाली तरी मी अजून प्रोफेसर कसा नाही. आत्या, मला नोकरी लागली त्या दिवशी तू कूटामंड्राच्या बोलिंग क्लबात 'भाचा प्रोफेसर झाला' म्हणून सगळ्यांना लॅमिंग्टन केक खाऊ घातलेस, तिथेच घोळ झाला. आमच्याकडे पाच पायऱ्या असतात आणि प्रोफेसर शेवटच्या पायरीवर बसतो. मी तिसरीवर, म्हणजे सीनियर लेक्चरर म्हणून, अकरा वर्षं उभा आहे. चौथीसाठी दोनदा अर्ज केला. पहिल्यांदा समिती म्हणाली, शिकवणं बरं आहे पण संशोधन कमी. मग मी जीव तोडून संशोधन केलं, तर म्हणाली, संशोधन बरं आहे पण शिकवण्याकडे दुर्लक्ष दिसतं. शिवाय त्या वेळी तू कुलगुरूंना परस्पर पत्र लिहिलंस की आमच्या लाइलने वयाच्या चौथ्या वर्षी रेडिओ उघडून पुन्हा जोडला होता. (उघडला मी. जोडला बाबांनी, गुपचूप, मला वाईट वाटू नये म्हणून.) ते पत्र समितीने 'नातलगांचं मत ग्राह्य नाही' असा शेरा मारून परत पाठवलं. तुझा हेतू चांगला होता, पण अजून कॉफीच्या यंत्राजवळ कोणी ना कोणी मला रेडिओ दुरुस्तीचं विचारतं.

आता या वर्षीचं ऐक. आजवर आम्ही सगळे दोन्ही दगडांवर पाय ठेवून होतो, थोडं शिकवायचं, थोडं संशोधन करायचं, आणि उरलेला वेळ सभांत बसून दोन्ही का होत नाही यावर चर्चा करायची. आता वरून हुकूम आलाय की प्रत्येकाने एक वाट धरायची, संशोधनाची नाही तर शिकवण्याची, आणि त्याच वाटेने बढती मागायची. एकदा धरली की सुटत नाही. नापास झालं तर पुढचा अर्ज चार वर्षांनी. मी अठ्ठावन्नचा आहे, तेव्हा हा माझा शेवटचा. यात नाही झालं तर तुझा भाचा तिसऱ्या पायरीवरूनच घरी जाईल.

आमची विभागप्रमुख नरेल एके काळी माझीच विद्यार्थिनी होती. तेव्हा ती माझ्या चुका फळ्यावर येऊन दाखवायची, आता दार लावून दाखवते, एवढी माझी बढती झालीच म्हणायची. तिने माझे कागद पाहिले, आणि मधल्या तीन वर्षांवर बोट ठेवलं. तीन वर्षांत एकही पेपर नाही. आता आमच्या अर्जात एक रकाना असतो, तुमच्या वाटेत काय आडवं आलं ते लिहायचा. रकाना दयाळू आहे. बाळंतपण, आजारपण, वणवा, काहीही लिहावं, समिती तेवढी सूट देते. शेजारच्या खोलीतल्या ग्रँटलीने पूर, जुळी मुलं आणि सासू असं लिहिलं आणि तो चौथ्या पायरीवर गेला. (सासू पर्थला राहते. पण फोन करते.)

"लाइल, तुझ्याकडे तर सोन्यासारखी अडचण पडून आहे," नरेल म्हणाली. "वडील त्यांची शेवटची तीन वर्षं तुझ्या घरी होते, काहीबाही विसरत होते. लिही की ते. फक्त टक्के घाल."

"कसले टक्के?"

"त्यांच्यामुळे तुझं किती काम बुडालं त्याचे. साठच्या खाली लिहू नकोस, समितीला दया येत नाही."

खोटं कशाला बोलू, काम बुडालंच. माझ्या यंत्रावर तीन आठवडे चाललेलं गणित बाबांनी 'वीज उगाच जळतेय' म्हणून प्लग काढून संपवलं. तो पेपर तिथेच गेला. मी त्या दिवशी त्यांच्यावर ओरडलो, आणि ते एखाद्या पाहुण्यासारखे माझी माफी मागत राहिले. ते मला अजून खुपतं. त्यानंतर त्यांना घरी एकटं ठेवायची सोय राहिली नाही, म्हणून मी त्यांना वर्गात घेऊन जाऊ लागलो. मागच्या बाकावर, टोपी मांडीवर, शेजारी सँडविचचा डबा.

आणि इथे घोटाळा झाला. एकदा मी ढीगभर आकडे लहान-मोठे कसे लावायचे ते सांगत होतो. मुलं झोपेला आली होती. मागून आवाज आला, "अरे, एवढं कशाला? एका मेंढीकडे बघायचं. तिच्याहून लहान ती डाव्या फाटकात, मोठी ती उजव्या. मग त्या कळपांत पुन्हा तेच." आत्या, हेच सांगायला मला अठरा पानं लागत होती. दुसऱ्या दिवशी वर्ग भरलेला. मग बाबा रोज काही ना काही विचारू लागले. एकदा मी फळ्यावर चक्र काढून संगणक तेच तेच काम पुन्हा कसं करतो ते दाखवत होतो, तर म्हणाले, "ते ठीक, पण हे थांबणार कधी?" आमच्या सगळ्या विषयातला हा सर्वांत अवघड प्रश्न आहे, आणि तो एक्केचाळीस वर्षं लोकर कातरलेल्या माणसाने सँडविच खाता खाता विचारला. त्या सहामाहीत मुलांनी मला जे गुण दिले, तेवढे ना आधी मिळाले ना नंतर.

म्हणजे बघ. संशोधनाच्या वाटेने गेलो तर बाबा अडचण. शिकवण्याच्या वाटेने गेलो तर बाबा पुरावा. मी म्हटलं, दोन्हीकडे लिहू. पण एकच गोष्ट दोन रकान्यांत घातली की फॉर्म लाल होतो आणि पुढे सरकत नाही. ही तपासणी लोकांनी लबाडी करू नये म्हणून सहा वर्षांपूर्वी मीच सुचवली होती. सभेत टाळ्याही मिळाल्या होत्या.

नरेलचं म्हणणं सरळ होतं, अडचणीचा रकाना भर, चौथी पायरी तुझीच. नुसत्या शिकवण्याच्या जोरावर आजवर आमच्या विभागातून एकच जण वर गेलाय, आणि तोही निवृत्तीच्या आदल्या वर्षी. आठ दिवस मी त्या टक्क्यांच्या रकान्यासमोर बसलो. साठ लिहिले, खोडले. पंचाहत्तर लिहिले. आकडा हिशेबाने बरोबर होता, पण बाबांच्या नावापुढे तो बघून मला लाज वाटली. नवव्या दिवशी मी रकाना रिकामा सोडला आणि शिकवण्याची वाट धरली. आता संशोधन बंद. नरेलने कपाळाला हात लावला आणि म्हणाली, "सर, तुम्ही तेव्हाही असेच होतात." (बऱ्याच वर्षांनी ती मला सर म्हणाली. भांडावंसं वाटलं नाही.)

कुत्र्याला माझी आठवण सांग. छपरावर स्वतः चढू नकोस.

तुझा,
लाइल

ता. क. शिकवण्याच्या वाटेला एक बाहेरचा परीक्षक लागतो, विद्यापीठाबाहेर निदान तीस वर्षं कामधंदा केलेला आणि माझ्या वर्गात प्रत्यक्ष बसलेला. ब्रिस्बेनचा एक इंजिनिअर येतो म्हणाला होता, आला नाही. शेवटी मुलांचे जुने अभिप्राय चाळताना टीगन नावाच्या मुलीचं एक वाक्य सापडलं. तिने लिहिलं होतं, "आज बाकावर शेजारी बसलेल्या आजोबांनी मला हळूच विचारलं, पोरगा चांगला शिकवतो, कोणाचा गं हा?"

मी फॉर्म भरला. परीक्षकाचं नाव, क्लॅरी. धंदा, लोकर कातरणे. हजेरी, बावीस तास. अभिप्राय, पोरगा चांगला शिकवतो. त्याखाली विचारलंय, परीक्षक अर्जदाराचे नातलग आहेत काय. मी लिहिलं, 'वडील. मात्र परीक्षण करताना परीक्षकांना हे माहीत नव्हतं.'

आ. ता. क. त्या वाक्याला साक्षीदाराची सही लागते, म्हणून सोबत कागद पाठवतोय. फुलीच्या बाजूला सही कर आणि बारा तारखेच्या आत टपालात टाक. नातलग साक्षीदार चालतो का, हे मी विचारलेलं नाही, तूही विचारू नकोस, आणि कृपा करून कुलगुरूंना लिहू नकोस. 'मला काय ठाऊक' असंही म्हणू नकोस. टीगनला विचारलं त्याच संध्याकाळी बाबांनी तुला फोन करून 'इथे एक मास्तर आहे, भला माणूस, त्याच्या बापाला कळवायला पाहिजे' असं सांगितलं होतं. तू मला हे कधी बोलली नाहीस. पण नंबर मीच लावून दिला होता, आणि बाबांचं बोलणं होईपर्यंत फोन त्यांच्या कानाला धरून उभा होतो.