चहाची चव

३ मार्च
चहा या विषयावर आज गंभीर निवेदन करणे भाग आहे. घरात चहा उरलेला नाही. गरम, तांबूस पाणी तेवढे आहे. दोष लेकीच्या प्रकल्पाचा. उन्हाच्या धगीने समुद्राच्या पाण्याची वाफ करायची, वाफेचे गोडे पाणी. त्यातले थोडे सौर विजेने फोडून हायड्रोजन काढायचा. उरलेल्यातला एक कॅन रोज आमच्याकडे — घरच्या नळाला मचूळ येते म्हणून. पाठशाळेत शिकलो होतो, रस म्हणजे चव हा पाण्याचा गुण. हे पाणी अगदीच निर्गुण. क्षारच नाहीत.
"बाबा, ब्रह्मही निर्गुणच. त्याबद्दल तुमची तक्रार नसते."
"ब्रह्माचा चहा करत नाही आपण."
आमची ही म्हणाली, वाद तुमचा, कप विसळायचे मी.

९ मार्च
नळ्यांत मिठाची खपली धरते. लेक खरवडते, पुन्हा धरते. पाणी निम्म्यावर आले आहे. "ऊन फुकट मिळतं बाबा, मीठ वसूल करतं." विनोद तिचा, पण हसली नाही. उमेदीची सगळी वर्षे घातली आहेत पोरीने यात.

१० मार्च
ज्या दैनिकात मी लिहितो, त्याच्या संपादकांचा फोन. "प्रकल्पावर लिहा की. आणि जरा आशेनं लिहा हो." बघतो, कुठे मिळते का.

१५ मार्च
चहा फक्कड! "आज जमलं बघ," म्हणालो. लेक मान खाली घालून उठून गेली. दमली असेल.

१८ मार्च
बातमीसाठी न कळवता प्रकल्पावर गेलो. फाटकाला कुलूप. पॅनलवर धूळ, नळ्यांवर पांढरा थर. रखवालदार खुर्चीतून उठला.
"ताईंचे वडील ना? अहो, काम गेल्या आठवड्यातच बंद झालं. ताई सगळ्यांत शेवटी गेल्या. जाताना कॅन तेवढा मागून घेतला."
संध्याकाळी लेक नेहमीच्या वेळी आली. कॅन भरलेला. कुठल्या नळावर भरला, देव जाणे.
"कसं चाललंय?"
"चाललंय, बाबा."
चहा उत्तम होता. अर्धा कप तसाच ठेवला.

१९ मार्च
आजही चहा उत्तमच; तरी मुद्दाम नावे ठेवली. "पुन्हा तुझं ते निर्गुण पाणी!" तिने वर पाहिले. मग कॅन उचलून, डबा घेऊन कामावर निघाली.
ती दिवसभर कुठे बसते, मला माहीत नाही. मला भीती वाटते.