टाकीतले मरळ मासे

आबा, तुमच्यावर मी अजून रागावलेली आहे. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, राग निवला असेल असं मलाही वाटत होतं. पण गेल्या महिन्यात एका डिस्टिलरीच्या टाकीवर वाकून बघताना तो असा उसळला की हातातली पाण्याची बाटली खाली ठेवावी लागली. तुम्ही होतात तेव्हा मी नोकरीला लागले नव्हते, म्हणून सांगते. मलकापुरात आमचं ऑफिस आहे. सरकार कारखान्याला परवानगी देताना अटी घालतं, सांडपाणी स्वच्छ करा, ओढ्यात घाण जाऊ देऊ नका. त्या अटी खरंच पाळल्यात का, हे जाऊन बघायचं आणि अहवाल लिहायचा, हे माझं काम. या डिस्टिलरीला उत्पादन वाढवायचंय, आणि ओढ्याच्या खालच्या अंगाला एक गाव आहे, त्यांची पिण्याची विहीर ओढ्याला लागून आहे. मी काय लिहिते यावर त्या गावाचं पाणी अवलंबून. मॅनेजर मात्र मला थेट शेवटच्या टाकीकडे घेऊन गेला. "आधी मासे बघा मॅडम, कागद मागनं बघू. पाणी खराब असतं तर जगले असते का?" टाकीत एक काळा मासा वर आला, हवेचा घोट घेतला आणि खाली गेला. मग दुसरा. मॅनेजरचं बोलणं संपायच्या आत मला सगळं कळलं होतं.

आपल्या परसातली ती दगडी डोण आठवते? गावच्या साखर कारखान्यात तपासणी असली की आदल्या दिवशी तिच्यात मरळ सोडलेले असायचे. आई वैतागायची, भांडी घासायला पाणी कुठून आणू म्हणायची, आणि तुम्ही डोणीपाशी उकिडवे बसून एकेक मासा निरखताय. मी विचारते, रोहू का नाही नेत? तुम्ही हसता. "रोहू मरंल की गं. मरळ वरची हवा खातोय. त्येला पाण्याचं सोयरसुतक न्हाई." मीही हसले होते. साहेब लोकांना माझा बाप कसा गुंडाळतो, याचं मला कौतुक वाटत होतं. दुसऱ्या दिवशी तुम्ही धुतलेला सदरा घालून ते मासे कारखान्याच्या टाकीत सोडायला जायचात, आणि कारखान्यानं तुम्हाला मॅनेजरशेजारी खुर्ची दिली हे आठवडाभर गावाला ऐकवायचात.

मग एका उन्हाळ्यात कारखान्यानं कृष्णेत मळीचं पाणी सोडलं. मी सांगलीला कॉलेजात जात होते. घाटापासून वळणापर्यंत मासे पांढरी पोटं वर करून तरंगत होते, आणि लोक पोती घेऊन ते गोळा करत होते. तुम्ही जाळं खांद्यावरून काढलं, काठावर बसलात आणि म्हणालात, "मेल्याला मासा मी इकनार न्हाई. लोकास्नी इख चारू व्हय?" किती ताठ बसला होतात. मी म्हणाले, आबा, तुमचेच मासे दाखवून त्यांनी तपासणी पार पाडली. त्यावर तुम्ही माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "तुजा भाऊ त्यांच्या गेटवर हुबा ऱ्हातोय. त्याच्या पगारावर तू शिकतीयास. तोंड आवर." मी तोंड आवरलं. पण आज विचारते. मेलेला मासा विकायची तुम्हाला लाज वाटली, मग जिवंत मासा खोटं बोलायला पाठवताना का नाही वाटली? तपासणीचे साहेब तर गाडीत बसून परत जात होते. नदी त्यांची नव्हती, आपली होती. त्यानंतर भोईआळीतल्या निम्म्या घरांनी जाळी माळ्यावर टाकली आणि बाप्ये सांगलीला हमालीला गेले. कारखान्यानं तुम्हाला शाल-श्रीफळ दिलं. तुम्ही ते घेतलंत, वर फोटोही काढून घेतलात.

त्या दिवशी टाकीपाशी मी मॅनेजरला म्हणाले, "हे मरळ आहेत. हे गटारातही जगतील. यात रोहू सोडा, मी चार दिवसांनी बघायला येते." त्याचा चेहरा पडला. बाजूला एक माणूस बादली घेऊन उभा होता, तुमच्याच वयाचा, म्हणजे मरताना तुम्ही होतात त्या वयाचा. मासे त्यानंच आणले होते. मॅनेजरनं आधी त्याच्याकडे बघितलं, मग मला विचारलं, "हे तुम्हाला कुणी सांगितलं?" मी म्हणाले, "कॉलेजात शिकले." त्याचा विश्वास बसला नाही. मी टाकीचं पाणी घेतलं, ओढ्याचं घेतलं, विहिरीचं घेतलं. तिन्ही नमुने नापास झाले आणि अहवालात मी तसं स्पष्ट लिहिलं. आमच्या साहेबांनी जरा मऊ लिहा म्हणून सुचवलं, तरी एक ओळ बदलली नाही. विस्तार सध्या अडकलाय. त्याबद्दल मला काडीचंही वाईट वाटत नाही.

पण तो बादलीवाला परवा मलकापूरला आला. पायरीवरच बसला, खुर्ची नको म्हणाला. "मॅडम, मी तुमास्नी काय तरी बोललो हुतो का? सायेब म्हनत्यात, तूच फोडलंस. माज्या पोराला कामावरनं काढलं. आवं, येवडं तरी त्यास्नी सांगा, की म्या न्हाई सांगितलं." मी त्याच्यासमोरच फोन लावला. या माणसानं मला काही सांगितलेलं नाही, असं म्हणाले. मॅनेजर शांतपणे म्हणाला, "मग कुणी सांगितलं, तेवढं सांगा. पोराला उद्या परत घेतो."

माझा बाप भोई होता, तोही तुमच्यासारख्यांना मरळच पुरवत होता, इतकंच बोलायचं होतं. तो माणूस माझ्या तोंडाकडे बघत होता. आणि आबा, माझ्या तोंडून तुमचं नाव निघालं नाही. मी फोन ठेवला आणि त्याला म्हणाले, बघते काहीतरी.

खरं म्हणजे हे पत्र तुम्हाला नाही, त्या मॅनेजरला पाठवायला हवं. त्याचा पत्ता माझ्याकडे आहे. पोरगा अजून घरी बसून आहे, आणि मी अजून पाठवलेलं नाही.