लाखेने बंद केलेले दोन डबे

अप्पा, तुमचे कॉफीचे दोन डबे माळ्यावर सापडले. झाकणांवरची लाल लाख तशीच आहे. एकात काहीतरी घातलेलं, दुसरा तुलनेसाठी रिकामा. मुलांनी हलवायचे, तिरके करायचे, कान लावायचे, उघडायचे मात्र नाहीत. हा खेळ तुम्ही वर्षानुवर्षं घेतलात, आणि तो बिघडवणारी मी, तुमचीच मुलगी.

तुमच्या वर्गात मी दुसऱ्या बाकावर बसायचे. घरी अप्पा आणि शाळेत सर, याचा भारी ताठा होता मला. वहीत ठसठशीत लिहिलं, ‘आत काचेची गोटी आहे.’ तुम्ही ती ओळ सगळ्यांसमोर खोडलीत. ‘गोटी तू बघितलीस काय गं? काहीतरी घरंगळलं, तेवढंच लिही. कानात आलं ते लिही, मनात आलं ते बेडा, ते नको.’ वर्ग हसला. मला इतका राग आला की रविवारी तुम्ही काकांकडे बन्नीमंटपाला गेल्यावर मी स्वयंपाकघरात मेणबत्तीवर लाख मऊ करून डबा उघडला. आत हिरवी गोटी! माझंच खरं होतं, आणि ते कुणाला सांगायची सोय नव्हती. गोटी मी ठेवून घेतली आणि तुमच्याच लाखेच्या कांडीने झाकण पुन्हा बंद केलं.

सोमवारी डबा वर्गात फिरतोय. आता कुणीतरी म्हणणार, सर, यात काहीच नाही. पण पहिली मुलगी कान लावते आणि म्हणते, काहीतरी घरंगळतंय. मग दुसरी, मग सगळेच. माझ्याकडे डबा आला तेव्हा मी तो हलवलाच नाही, शेजारणीचं बघून लिहिलं. तुम्ही वही पाहून ‘शाब्बास’ म्हणालात. ऐकायचं ठरवलं की ऐकू येतंच, अशी समजूत घालून मी इतकी वर्षं काढली.

तेच मुलांना दाखवावं म्हणून मी आता शिकवते त्या विजयनगरच्या शाळेत डबे नेले. दोन्ही रिकामे, वर्गाला काहीच सांगितलं नाही. एक मुलगी आहे, पुण्याहून आलेली, वडील बेळगोळला कारखान्यात. ती म्हणाली, ‘मिस, ह्या डब्यात काहीतरी घरंगळतंय. त्या दुसऱ्यात नाही.’ मी हसत डबा घेतला. आत काहीतरी या टोकाहून त्या टोकाला गेलं. मी हात स्थिर धरला, तेव्हा ते सावकाश परत आलं.

मग वाटलं, तुम्हाला तेव्हाच कळलं असणार आणि गुपचूप दुसरी गोटी घातली असणार. डोळे भरून आले माझे. तेवढ्यात ती म्हणते, ‘मिस, तराजूत घालून बघूया ना?’ खडूच्या तुकड्यालाही झुकणारा आमचा तराजू. पारडी हलली आणि सरळ रेषेत थांबली. तिने न सांगता डबे अदलाबदल केले. पुन्हा तेच. ‘ऐकू तर येतंय, पण वजन सारखं आहे. मी दोन्ही लिहिलंय, तसंच ठेवू का, मिस?’

असा प्रश्न विचारणाऱ्या पोरीची तुम्ही जन्मभर वाट पाहिलीत. आणि मी म्हटलं, ‘तराजू बिघडलाय गं, वजनाचं खोड.’ तिने खोडलं.

तराजू चांगला होता, अप्पा. घाबरले होते मी. तिची ती ओळ परत लिहून घ्यायला हवी, पण त्याआधी गोटीचं सांगावं लागेल, आणि तेवढी हिंमत अजून झालेली नाही. हा कागद कुठे पाठवणार? गोटीपाशीच ड्रॉवरमध्ये ठेवते. डबा टेबलावर आहे. सकाळपासून मी त्याला हात लावलेला नाही, आणि आत्ताच काहीतरी घरंगळलं. काय, ते मला माहीत नाही.