दुसऱ्या कडव्यातला आवाज

३ मार्च
वाट लागली आज! दुसरं कडवं माझं, आणि ते काही केल्या जमेना. रेकॉर्डिस्ट काका काचेपलीकडून सारखे — "शब्द वाचू नकोस रे. तिला सांगतोयस ना? मग सांग!" कुणाला सांगू? समोर माइक, भिंतींना स्पंज.
"जाताना दार नुसतं लोट, कडी लावू नकोस" — एवढीशी तर ओळ. चिकण्याने त्याचं कडवं हसतखेळत उरकलं. ढोल्या काकांच्या शेजारी बसून माझं कडवं ओठांतल्या ओठांत म्हणत होता. शाळेपासूनचा मित्र माझा. बँडमध्ये आम्ही तिघं, पण गळा खरा त्याचाच. तरी माझ्या ओळी त्याला कशाला पाठ हव्यात?
शेवटी काका म्हणाले, "जा तू घरी. बघतो मी काय करायचं ते."
काय करायचं म्हणजे?

४ मार्च
चिकणा सहज बोलून गेला — काल आम्ही निघाल्यावर ढोल्या तिथेच थांबला होता. मला बोलला नाही!

१९ मार्च
गाणं तयार. मॅनेजरबाईंच्या ऑफिसात ऐकलं. दुसरं कडवं आलं आणि माझ्या हातातला कप हातातच राहिला. तो आवाज माझा नाही. 'नकोस'वर किंचित फाटतो, मग सावरतो... मला नाही येत असलं काही! बाईंनी डोळे पुसले. ढोल्याने पाठीत धपाटा घातला — "मानलं लेका तुला!"
मी "थँक्यू" म्हणालो. थँक्यू!! नेभळट कुठला.

२ एप्रिल
गाणं तुफान चाललंय. सलूनमध्ये तेच, जिममध्ये तेच, खालचा मेडिकलवालासुद्धा गोळ्या देताना तेच गुणगुणतो. सगळे फिदा दुसऱ्या कडव्यावर. ताईने हेडफोन काढले तेव्हा तिचे डोळे भरलेले. "हा तू आहेस? ओळखूच आला नाहीस रे!"
कौतुकानेच म्हणाली. पण टोचलं. सख्ख्या बहिणीला ओळखू येत नाही, म्हणजे झालंच की!

९ एप्रिल
मॉलमधला कार्यक्रम. गाणं वरून वाजतं, आम्ही नुसते ओठ हलवायचे. मग एक मुलगी स्टेजजवळ आली — "ती एक ओळ नुसती म्हणा ना!" मी गळ्याला हात लावला, बसलाय म्हणालो. ढोल्या पुढे सरसावला आणि म्हणून मोकळा. हुबेहूब! 'नकोस'वर तसाच फाटला. सापडला!

१० एप्रिल
विचारलंच. सरळ त्याच्या घरी जाऊन.
आधी हसला. "अरे गाढवा, तूच आहेस तो!"
"मग काल हुबेहूब कसं म्हटलंस?"
"दिवसरात्र तेच ऐकतोय. येणार नाही?"
"आणि त्या दिवशी मागे का थांबलास?"
"काका तुझं कडवं चिकण्याला देणार होते. नका देऊ म्हणून हातापाया पडत होतो त्यांच्या. विचार त्यांना."
"काका काय, तुझ्याच बाजूने बोलणार!"
मग मी बोलू नये ते बोललो. म्हणालो, ढेरीपायी तुला मागे उभं करतात, म्हणून तू माझ्या तोंडून गातोस.
त्याने माझ्या चपला उचलून आणल्या, माझ्यासमोर ठेवल्या.

१४ एप्रिल
ढोल्याने बँड सोडला. बाईंना कारण दिलं — तब्येत. पळाला! मला हलकं वाटायला हवं होतं. जेवण गेलं नाही.

२२ एप्रिल
काकांनी बोलावलं होतं, ढोल्याच्या जागी पुढच्या गाण्यात मी गायचं म्हणून. मी अडून बसलो — आधी त्या दिवसाचं मूळ रेकॉर्डिंग ऐकवा. त्यांनी लावलं.
आधी खोकला. मग माझाच आवाज — "काका, बंद केलंत ना? नाही जमत मला. जातो मी." आणि लगेच, स्वतःशीच पुटपुटल्यासारखं, ते सगळं कडवं. फाटलेलं. सावरलेलं.
तसाच ढोल्याकडे गेलो. त्याची आई बाहेर आली. म्हणाली, "आत आहे रे. पण 'नाही म्हणून सांग' म्हणतोय."