काकवीच्या कॅनमधली स्लरी

जुळे सोलापूर,
१२ फेब्रुवारी २०२४

ती. बिरुदादास,
शि. सा. न. वि. वि.

सोपान नगरे जिवंत आहे. आज सकाळी त्यानं डोळे उघडले आणि बायकोला ओळखलं. वॉर्डातल्या डॉक्टरांनी मला समोर उभं करून सांगितलं. मेंदूवरची सूज उतरतेय, बोलायला अजून वेळ लागेल, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे तुझ्यावरचं कलम खुनाच्या प्रयत्नावरच थांबलंय. तो गेला असता तर काय झालं असतं ते लिहीत नाही. जेलच्या फोनवर मिळालेला वेळ तू रडण्यात घालवलास, म्हणून हे पत्र.

आबा त्याच दवाखान्यात, खालच्या मजल्यावर आहेत. दोन्ही तळहातांची कातडी मोजा काढावा तशी उतरलीय. तेल लागलं असं समजून त्यांनी हात घोंगड्याला पुसले आणि तेच घोंगडं खांद्यावर टाकलं, त्यामुळे खांदाही गेला. ड्रेसिंगला ओरडत नाहीत, चादर दातात धरतात. काल चादर फाटली.

मेंढरांचं ऐकवत नाही. लोकर ओढली की गठ्ठ्यानं हातात येते आणि खाली लाल मांस दिसतं. कावळे उडवले तरी पुन्हा पाठीवर येऊन बसतात. काकांनी काल कोयता घेतला आणि जी उठत नव्हती ती संपवली. आबांची लाडकी पांढरी मेंढीही त्यात गेली. आबांना मी सांगितलेलं नाही.

डॉक्टर विचारतात, तू आणलेल्या कॅनमध्ये होतं काय? अर्धा कॅन अजून खोपटात आहे. आई म्हणते धरणात ओतून टाकते. तू लवकर लिही. आणि जेवत जा. वाळलास तर माझ्या लग्नाच्या फोटोत तुला कडेला उभं करीन.

आहे तो लोभ भिंतीपलीकडेही पोचतो, हे विसरू नकोस.

तुझी राजी

—

जिल्हा कारागृह, सोलापूर,
१५ फेब्रुवारी

चि. राजीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

आधी कॅनचं. धरणात थेंबही ओतायचा नाही, आईला त्याच्या जवळ जाऊ देऊ नको. त्याला आम्ही स्लरी म्हणतो. साबण होण्याआधीचं कच्चं आम्ल ते. कारखान्यात तिच्यात सोडा मिसळला की मग साबण होतो, आणि मिसळताना टाकी तापते, फेस उसळतो. आम्ही कोपरापर्यंत रबरी मोजे, चष्मा, गमबूट घालतो आणि स्लरी थोडी थोडी पाण्यात सोडतो. स्लरीत पाणी कधीच ओतायचं नाही, तापून तोंडावर उडते. पत्र्याच्या डब्यात काढू नको, ती पत्रा खाते. कॅन उभा ठेव, टोपण घट्ट कर. सांडली असेल तिथं कोरडी माती टाकून ती माती प्लास्टिकच्या ड्रमात भरून ठेव. आमचे सुपरवायझर शिवानंद यांना फोन कर, ते माणसं घेऊन येतील. आणि अंगाला लागलं तर पुसायचं नाही. वाहत्या पाण्याखाली धरायचं, आता पुरे वाटलं तरी धरून राहायचं.

आता माझी अक्कल. लेकीच्या हळदीला घरच्याच मेंढरांच्या पांढऱ्या लोकरीचं घोंगडं अंथरायचं, हा आबांचा हट्ट. साध्या पाण्यानं लोकरीचा चिकटपणा जात नाही. मी फुशारकी मारली की आमच्याकडं असलं तेल हाय, लोकर कापसासारखी निघंल. तयार साबणाचं पाणी आणायचं सोडून कच्ची स्लरी आणली, थोडक्यात भागेल म्हणून. रिकामा कॅन मिळाला तो काकवीचा, आणि स्लरी दिसतेही काकवीसारखीच. रविवारी येऊन मी स्वतः सोडा घालणार होतो. पण कातरणारे शनिवारीच येतो म्हणाले. कातरणीच्या आदल्या दिवशी मेंढरं धुवायची, ही रीत आपल्यात चुकत नाही. आणि हातानं चोळल्याशिवाय आबांना धुतल्यासारखं वाटत नाही. त्यांनी ओंजळीत घेतली आणि चोळली. स्लरी लगेच चावत नाही गं. निम्मा कळप चोळून झाल्यावर पहिली मेंढी ओरडली.

फोन आल्यावर गाडी पळवत मी पोचलो तेव्हा मेंढरं एकमेकांना तुडवत ओढ्याच्या तोंडाशी पाण्यात घुसली होती. सगळीकडं फेस. सोपाननं जिवंत मासे ठेवायची जाळी तिथंच लावलेली. चिलापी पोट वर करून तरंगायला लागल्या. मेंढरं जाळी तुडवतात म्हणून त्याची आपली भांडणं जुनीच, त्याला वाटलं मुद्दाम विष घातलं. एकटाच वल्हं घेऊन धावत आला आणि ते आबांच्या हातांवरच घातलं. सोललेल्या हातांवर. आबा पडले तरी थांबला नाही. मग मी काठी उचलली आणि त्याच्या डोक्यात घातली. तो गुडघ्यावर आला तेव्हा आणखी घातली. पोलिसांना हेच सांगितलंय. पुन्हा विचारू नको.

रागावत जा. तू रागावलीस की घरी असल्यासारखं वाटतं.

तुझा दादा, बिरुदेव

—

गावाहून,
२१ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तू सांगितलंस तसं सगळं केलं. शिवानंदसाहेब मोजे, चष्मे, ड्रम घेऊन स्वतः आले. मातीही खरवडून नेली. जाताना म्हणाले, पोरगं हाताला पक्कं आणि डोक्यानं कच्चं निघालं. कच्चा माल गेटबाहेर गेला कसा, याचं उत्तर त्यांनाही द्यायचं आहे.

काल ठाण्यात गेले होते. पंचनाम्यात काठी उचलणाऱ्या हवालदारांची बोटं फोडांनी भरलीत. धनगरांनी काठीवर करणी केली म्हणून ते मला शिव्या घालत होते. मी त्यांना स्लरी समजावली. ती काठी तुझी नव्हती. तुझी खुंटीला आहे. ती आबांची, सांडलेल्या स्लरीत पडून मुठीपर्यंत भिजलेली. ती धरून कुणाच्या डोक्यात दोन-तीन घाव घातले, तर धरणाऱ्याचा तळहात सोलून निघेल.

सोमवारी जेलच्या मुलाखतीला तू जाळीवर दोन्ही पंजे टेकवलेस. साफ होते, दादा.

आईनं उजव्या हाताला फडकं बांधलंय. विचारलं तर तवा लागला म्हणाली. मी फडकं सोडलं. बोटांच्या मुळापासून मनगटापर्यंत काठीएवढा तिरपा पट्टा, कच्च्या मांसाचा. तिनं मला एक कानाखाली दिली, आणि मग माझं डोकं मांडीवर घेऊन बसली.

पत्रं तिथं उघडून वाचतात हे मला ठाऊक आहे, तिलाही सांगितलं. ती म्हणाली, वाचू दे, लिही. म्हणून लिहिलं.

माया कमी करू नकोस. रागव हवं तर.

राजी

—

जिल्हा कारागृह, सोलापूर,
२६ फेब्रुवारी

राजी,

आज आशीर्वाद लिहायला हात उचलत नाही.

तुला कुणी सांगितलं होतं फडकं सोडायला? इथं परवा दोघांनी मला आंघोळीच्या जागी पाडून तुडवलं. ओठ शिवलाय, एक दात गेला. मार खाताना एकच गोष्ट बरी वाटत होती, की इथं मी आहे, आई नाही.

मेंढरांची कातडी, आबांचे हात, सोपानचं डोकं, सगळं माझ्या कॅनमधून निघालं. मग काठी कुणाच्या हातात होती याला काय अर्थ? घाव माझेच. आईला सांग, तिनं तोंड उघडलं तर तिच्या हातची भाकरी मी जन्मात खाणार नाही.

हे पत्र वाचून जाळ.

बिरुदेव

—

सरकारी दवाखाना, सोलापूर,
१ मार्च

चि. बिऱ्यास अंबुबाईचा आशीर्वाद. राजी लिवती हाय, बोलती मी.

भाकरी खानार न्हाय म्हनतूस. नगं खाऊ. उजव्या हातानं मला अजून थापताबी येत न्हाय.

त्या दिशी तू गाडीवरनं उतारलास तवा मी मारून मोकळी झाल्ते. तू मला मागं लोटलंस आन् मी मारलं म्हून वरडलास. मी गप बसले. तुझ्या बापाचं हात बघत बसले आन् पोराला न्हेलं ते दिसलंच न्हाय. आता दिसतंय. दात पाडून घेतलास व्हय रं, माझ्यापायी?

काल सोपानाच्या बायकूकडं गेले. वरच्या मजल्यावर बसल्याली. मला बघून उठली आन् तोंडावर थुकली. मी पुसलं न्हाय. मेंढरं, मासं, सगळं सांगितलं. इख न्हवतं घातलं बाई, आमचीबी कातडी गेली, म्हनलं. लई येळानं तिनं माझं फडकं बघितलं. म्हनली, धनी कालपास्नं बोलाया लागल्यात. पयला सबुद काय काडला ठावं हाय का? बांगड्या.

त्यानं बघितलंया, लेकरा. डोक्यात पडायच्या आदी त्याला माझ्या बांगड्या दिसल्या. तुझं खोटं आता टिकत न्हाय, आन् टिकलं तरी मला नगं.

राजीच्या हळदीला इकतचं घोंगडं आनू. पांढरं नसलं तरी हळद लागतीच की. तुझ्या बापाला मी सांगितलं, पांढरीचंबी सांगितलं. भिताडाकडं तोंड केलं त्यानं. मग म्हनला, जा.

उद्या सकाळी पोलीस सोपानाचा जबाब घ्याया येनार हायत, डॉक्टरनं राजीला सांगितलं. त्येंच्या आदी मी त्या दारात जाऊन बसनार. साहेब आलं की फडकं सोडनार आन् हात म्होरं करनार. सोपानानं बोट दावायच्या आदी.

तवर शिवल्याला वठ हलवू नगं. थंड पानी लाव.

तुझी आई