आराम म्हणजे काय

मंगळवार, मुरुड

आज डोकं लई फिरलंय. महिन्यानं देगलूरहून घरी आलो तर अप्पा दिवसाढवळ्या बाजेवर पडलेले. लकव्यानं त्यांचा उजवा हात गेलाय. लातूरच्या व्यायामवाल्या मॅडमनी बजावलं होतं, की रोज दम लागेपर्यंत झपाझप चालवा आणि लगेच शर्टाची बटणं लावायला द्या. अंग तापलं की मेंदू हाताचं काम लवकर शिकतो म्हणे. मी गेलो तेव्हा अप्पा दोन बटणं लावत होते. आज एकही नाही.

काकाला विचारलं तर म्हणतो, "मॅडमच म्हणल्या ना, आराम पडंल म्हणून. मंग आरामच करायलेत ते."

आराम पडंल म्हणजे गुण येईल. पडून राहा असं कोण म्हणलं? मी ओरडलोच.

"हे सांगायला तू व्हतास कुठं?"

कुठं म्हणजे, एका लग्नाला गेलो आणि तिथंच रमलो. दोन बटणं लागत होती. दोन.

तेवढ्यात अप्पा म्हणले, "भांडण मागनं करा. माझी चप्पल दे."

बाजेखालून काढली तर तिच्यात कोळ्यानं जाळं केलेलं. महिनाभर मीच इथं नव्हतो, आता काकाला कुठल्या तोंडानं बोलू?